शनिवारचे चांदीचे डॉलर

परवा मुलगी फोनवर म्हणाली, "आई, तुझ्या क्लबच्या स्टोरीज लिहून काढ ना. मला सगळ्या अर्ध्याच आठवतात." म्हणून बसले लिहायला. गंमत अशी की हे किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. मी जमवत होते जुने अमेरिकन डॉलर, चांदीचे. किस्से आपोआप साठत गेले, कोटाच्या खिशात बसची तिकिटं साठतात तसे. डॉलरांची यादी माझ्याकडे आहे, यांची नाही. तेव्हा हाताला लागतील तसे सांगते.

ऐंशीच्या दशकात आणि नंतरही बरीच वर्षं मी लेस्टरला हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एका चर्च हॉलमध्ये आमचा कॉइन क्लब भरायचा. पंधरा-वीस माणसं, फोल्डिंगची टेबलं, चहा, बिस्किटं. त्यातले तिघं कायमचे. आर्थर, होजिअरी फॅक्टरीत मशीन दुरुस्त करून रिटायर झालेला; डॉलरच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. जयंतीभाई, बेलग्रेव्ह रोडवर सोन्याचांदीचं दुकान. आणि आमचे डॉक्टर देवधर, मूळ पुण्याचे, लेस्टरमध्ये जीपी.

डॉलर म्हणजे काय चीज, तेही सांगते. आपल्या जुन्या राणीछाप रुपयाच्या दुपटीहून जड. एका बाजूला लिबर्टी नावाच्या बाईचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गरुड. गरुडाच्या शेपटीखाली एखादं बारीक अक्षर असतं, ते टांकसाळीची खूण. एस असेल तर सॅन फ्रान्सिस्को, दोन सी असतील तर कार्सन सिटी. त्या मुंगीएवढ्या अक्षरापायी दहा पौंडांच्या नाण्याचे हजार पौंड होऊ शकतात! आणि अर्थात हजाराचे दहाही.

*

पहिल्या शनिवारी मी गेले ती साडीवर कोट चढवून, बाजारात मिळालेला एक डॉलर रुमालात गुंडाळून. दारातल्या गृहस्थांनी मला नीट बघितलं आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "किचन डावीकडे आहे हं."

आता काय बोलणार? इंग्लंडमध्ये येऊन तेव्हा मला फार वर्षं झाली नव्हती. नाही म्हणायला जीभच उचलत नसे. गेले किचनमध्ये. सतरा कप चहा केला. ट्रे घेऊन बाहेर आले तर आर्थर आणि तेच दारातले गृहस्थ एका झिजलेल्या डॉलरवरून भांडत होते. शेपटीखालचं अक्षर ओ आहे असं गृहस्थ म्हणत होते, आर्थरला ते मुळात अक्षरच वाटत नव्हतं.

माझा सगळा दिवस मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून रक्तातल्या पेशी बघण्यात जायचा. कप ठेवता ठेवता मी म्हटलं, "दोन सी आहेत. दुसरा झिजलाय, पण त्याचं बूड दिसतंय."

आर्थरनं भिंग लावलं. बराच वेळ ते डोळ्यावरून काढलं नाही. मग उठला, स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "बस, मी डक." मी डक म्हणजे 'माझ्या बदका'. लेस्टरची जुनी माणसं सगळ्यांनाच तसं म्हणतात.

गृहस्थ जरा गोंधळले. "मग पुढचा चहा कोण करणार?"

आर्थर भिंगातून डोळा न काढता म्हणाला, "तू!"

*

देवधरांचे पाच डॉलर होते. शंभर वर्षांत चांदीवर जो निळा-जांभळा रंग चढतो तो त्या पाचांवर असा काही चढला होता की कबुतराच्या मानेची आठवण यावी. जमवणारे त्या रंगाचे पैसे मोजतात. तो घासला की संपलं. पुन्हा येत नाही.

एका दिवाळीच्या आधी देवधर क्लबमध्ये आले ते चेहरा पाडून. रुमाल सोडला. आत पाच लखलखीत डॉलर, नव्या ताटलीसारखे! सुधावहिनींनी नवऱ्याला सरप्राइझ म्हणून टूथपावडर लावून घासले होते.

आर्थरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाचही?"

"पाचही."

"बायकोला काय म्हणालास?"

"काय म्हणणार? दोन तास बसून घासलेत तिनं, बोटं काळी झाली होती. म्हटलं, किती छान चमकतायत!"

आर्थरनं मान हलवली. "शहाणा आहेस."

"शहाणा कसला! ती आता म्हणतेय, क्लबमधल्या बाकीच्यांचेही घेऊन या, बिचाऱ्यांचे काळे पडले असतील!"

*

जयंतीभाई आणि आर्थर एकाच टेबलावर बसायचे, पण पहिली दोन-तीन वर्षं एकमेकांशी धड बोलत नसत. कारण मला फार उशिरा कळलं. ऐंशीच्या सुरुवातीला चांदीचा भाव आभाळाला भिडला होता. त्या काही आठवड्यांत झिजलेल्या डॉलरमध्ये नाणं म्हणून जेवढी किंमत होती त्याहून जास्त त्याच्या चांदीत होती. लोक पिशव्या भरभरून दुकानात आणत होते आणि जयंतीभाईंनी ते सगळे वितळवले होते.

"बघितलेस तरी का, वितळवण्याआधी?" आर्थरनं एकदा सगळ्यांदेखत विचारलं. "कुठलं साल, कुठली टांकसाळ?"

"आर्थर, युगांडातून आलो तेव्हा दोन सूटकेस होत्या," जयंतीभाई शांतपणे म्हणाले. "दुकान नवं होतं. माल बघत बसलो असतो तर दुकान राहिलं नसतं."

 पुढच्या महिन्यात जयंतीभाईंनी पैंजणांचा एक जोड आणून त्याच्यासमोर ठेवला. "त्याच चांदीतला. शेवटचाच राहिलाय. बाकी तुझी लिबर्टीबाई लेस्टरभर नवऱ्या मुलींच्या पायात नाचतेय. वाईट का आहे ते?"

आर्थरनं पैंजण उचलले. हलवून बघितले, कानाशी नेले. मग खिशातून भिंग काढून एकेक घुंगरू तपासायला लागला. 

अखेर त्यानं विचारलं, "कार्सन सिटी की सॅन फ्रान्सिस्को?"

जयंतीभाई असे हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पैंजण आर्थरनं नातीसाठी विकत घेतले. घासाघीस मात्र भरपूर केली.

*

आर्थरच्या काचेच्या पेटीत मधोमध एक डॉलर असायचा. एकोणनव्वद सालचा, म्हणजे अठराशे एकोणनव्वद, कार्सन सिटीचा. तरुणपणी दोन महिन्यांचा पगार घालून त्यानं तो लंडनहून आणला होता. शेजारी त्याच्या अक्षरातलं कार्ड: विकायचा नाही.

एकदा त्यानं तो माझ्या हातात दिला. "तुझ्या लॅबमध्ये मोठा मायक्रोस्कोप आहे ना? एकदा बघ की, कसा दिसतो."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बघितला. लिबर्टीचे केस, गरुडाची पिसं, सगळं सुरेख. मग शेपटीखाली आले. दोन्ही सींच्या बुडाशी केसाएवढी फट होती आणि फटीत कसला तरी जुना चिकट पदार्थ. नाणं खरं होतं, साल खरं होतं. अक्षरं मात्र कुणीतरी दुसऱ्या नाण्यावरून काढून चिकटवली होती.

पुढचे चार आठवडे मला नीट झोप लागली नाही. सांगायचं कसं? नाहीच सांगितलं तर? त्याचं वय चौऱ्याहत्तर. तो डॉलर तो विकणार नव्हता, मग त्याला कळून काय फायदा? नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, "तू रिपोर्ट लिहितेस तेव्हा पेशंटचं वय बघून लिहितेस का?"

शनिवारी मी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि आर्थरनं माझ्याकडे एकदाच बघितलं. "राहू दे, मी डक. ब्लड रिपोर्ट सांगणाऱ्या बाईचा चेहरा मी ओळखतो. माझ्या बायकोच्या वेळी बघितलाय."

तरी मी सांगितलं सगळं. त्यानं डॉलर घेतला, खिशात टाकला आणि बाकीच्या दुपारभर इतरांच्या नाण्यांबद्दल बोलत राहिला.

मला वाटलं, आता तो पेटीत दिसणार नाही. पण पुढच्या महिन्यात तो डॉलर तिथेच होता, मधोमध. कार्डही तेच. 'विकायचा नाही' याच्या खाली फक्त एक ओळ वाढली होती: का ते विचारा. आणि कुणी विचारलं की आर्थर खुर्ची ओढून सगळं पहिल्यापासून सांगायचा.

*

सासूबाई साताऱ्याहून पहिल्यांदा आल्या त्या वर्षी लक्ष्मीपूजन त्यांनीच मांडलं. चांदीचं नाणं हवं म्हणून माझ्या कपाटात शोधलं आणि एक सापडलं. अठराशे एक्याऐंशीचं, सॅन फ्रान्सिस्कोचं, कुणाच्या खिशात न गेलेलं, आरशासारखं! मी त्याला कडेनं धरायची, तेही हातमोजे घालून. कामावरून घरी आले तर ते पाटावर, तांदळाच्या राशीवर, आणि लिबर्टीच्या कपाळावर ठसठशीत ओलं हळदकुंकू.

 मुलीला सगळं कळलं होतं. दहा वर्षांची होती. मराठी बोलायची, पण कुणाला तो म्हणायचं आणि कुणाला ती, याची तिला पर्वा नसे.

"आजी, तो देवी नाहीये! तो अमेरिकन लेडी आहे. लिबर्टी."

सासूबाईंनी नाणं डोळ्यांजवळ नेलं. "केसांत गव्हाच्या लोंब्या आहेत. कापसाची बोंडं आहेत. अन्नवस्त्र देणारी दिसतेय की. लिबर्टी म्हणजे काय गं?"

मुलीनं जरा विचार केला. "म्हणजे… कोणी आपल्याला बॉस नाही करणार. फ्री असणे."

सासूबाई अठराव्या वर्षी लग्न होऊन चौदा माणसांच्या घरात आल्या होत्या. त्या नाण्याकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग पुन्हा चिमूटभर कुंकू घेऊन म्हणाल्या, "मग देवीच की!"

तो डाग गेला नाही. मी काढायचा प्रयत्नही केला नाही.

*

एकदा ग्लासगोहून एका मराठी सर्जनचा फोन आला. अमेरिकेत कॉन्फरन्सला गेले होते, तिथून डॉलर घेऊन आले होते. खरा की खोटा, ते फोनवर सांगा म्हणे!

मी म्हटलं, "डॉक्टर, बोटाच्या टोकावर धरा आणि पेन्सिलीनं हळूच वाजवा. चांदी असेल तर घंटेसारखी घुमेल."

पलीकडून आवाज आला, ठक्.

"लाइन खराब आहे," डॉक्टर म्हणाले.

"बरं, घरातली चांदीची वाटी वाजवून बघा."

टिंऽऽग! काय सुरेख वाजली!

 मग लांबून वहिनींचा आवाज, स्वच्छ: "तरी सांगत होते, साडी आणा म्हणून!"

*

मिडलंड्समध्ये, म्हणजे आमच्या लेस्टरच्या आसपास, त्या काळात हौशी काउबॉय खूप होते. आठवडाभर नोकरी, शनिवारी हॅट आणि बूट घालून अमेरिकन गाणी. त्यातला एक, केन नावाचा बस ड्रायव्हर, क्लबमध्ये आला. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल म्हणजे एक चांदीचा डॉलर. "वडिलांचं आहे," म्हणाला. "किती येतील?" बायकोची तब्येत बरी नव्हती, तिला घेऊन एकदा अमेरिका बघून यायचं डोक्यात होतं.

आर्थर गुडघ्यावर बसला आणि केनच्या पोटाशी भिंग नेलं. बघण्यासारखं दृश्य होतं! उठला तेव्हा गंभीर होता.

"अठराशे त्र्याण्णव. त्या वर्षीचे बाकीचे ठीक आहेत. पण सॅन फ्रान्सिस्कोचा असेल तर तू आणि बायको अमेरिकेला जाऊन येऊन वर पैसे उरतील. अक्षर मागच्या बाजूला आहे आणि मागची बाजू बक्कलाला झाळून पक्की चिकटवलीय."

"मग सोडवा."

"सोडवताना अक्षर राहीलच असं नाही. गेलं तर नुसती चांदी. आणि मुळात ते अक्षर नसण्याचीच शक्यता जास्त."

जयंतीभाई म्हणाले, दुकानात दहा मिनिटांत सोडवून देतो, काळजीपूर्वक. केन पट्टा हातात घेऊन बसला. चहा निवला. सगळे आपापल्या टेबलावर गेले तरी तो तसाच.

मग उठला आणि पट्टा पुन्हा कमरेला लावला.

"आज घरी जाऊन तिला सांगतो, की माझ्या कमरेला बहुतेक अमेरिका आहे," तो म्हणाला. "उघडून बघितलं तर नुसतं बक्कल निघायचं."

वसंतात त्यानं पाठवलेलं फोटोचं कार्ड आलं. दोघं वेल्सच्या समुद्रकाठी उभे होते, हॅट घालून. बक्कल कॅमेऱ्याकडे.

*

आता हा शेवटचा. हा मी मुलीलाही सांगितलेला नाही.

लंडनमध्ये एजवेअरला माझ्या ओळखीचं एक मराठी जोडपं होतं. मालतीताई आणि आप्पासाहेब. ते कौन्सिलमध्ये नोकरीला, त्या शाळेत. आप्पासाहेबांचा अल्बम मी एकदा त्यांच्या घरी बघितला होता. वीस डॉलर, एकाहून एक. प्रत्येक मी हातात घेतला होता, प्रत्येक अस्सल. पोरकट अभिमानानं ते एकेक पान उलटत होते आणि मालतीताई शेजारी बसून कौतुकानं बघत होत्या. दोघांनी जन्मात कधी एकमेकांना दुखावलं नसेल असं ते घर.

मधे बारा-तेरा वर्षं गेली. आप्पासाहेब गेले. काही महिन्यांनी मालतीताई एकट्या कोच पकडून लेस्टरला आल्या, अल्बम पिशवीत घालून. म्हणाल्या, मुलगा आणि मुलगी, दोघांत वाटून द्यायचेत, तेव्हा कुठला केवढ्याचा ते सांगा.

आर्थर तेव्हा ऐंशीच्या घरात होता, पण नजर तीच. तो काटा घेऊन टेबलाशी बसला आणि आम्ही दोघी खिडकीपाशी.

"दर रविवारी जेवण झालं की अल्बम काढायचे," मालतीताई सांगत होत्या. "कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. प्रत्येक नाणं भिंगातून बघायचे. मी समोर स्वेटर विणत बसायची. सगळं बघून झालं की म्हणायचे, 'सगळी जागच्या जागी आहेत हं, मालती.' मग अल्बम आत. एकही रविवार चुकला नाही."

"नशीबवान होता तुम्ही," मी म्हटलं.

त्या रिकाम्या पिशवीची घडी घालत होत्या.

आर्थरनं मला हाक मारली. आवाज अगदी खाली आणला होता. त्यानं काट्यावर एक नाणं ठेवलं, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येक हलकं. साडेसव्वीस ग्रॅमच्या वर भरायला हवं, तिथे जेमतेम बावीस. कडेला साच्याची रेघ. बाजारात काउबॉय लोकांसाठी विकायला असतात तसली नक्कल.

"किती?" मी विचारलं.

"सगळी. वीसच्या वीस."

मी त्याला पुन्हा तपासायला लावलं. त्यानं न कुरकुरता पुन्हा सगळी तोलली. तेच.

खिडकीपाशी परत जायला मला चार पावलं होती, ती मी किती हळू टाकली ते मलाच ठाऊक. त्यांच्याजवळ बसले, हात हातात घेतला.

"ताई, मी पाहिली होती तेव्हा ती खरी होती. मी शपथेवर सांगेन. पण आता अल्बममध्ये आहेत ती खोटी आहेत."

मालतीताई दचकल्या नाहीत. नुसती मान हलवली, जणू हे ऐकायच्या तयारीनंच आल्या होत्या.

"कुठली कुठली?" त्यांनी विचारलं.

"सगळी. वीसच्या वीस."

आता मात्र त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात सोडवून घेतला. टेबलावरच्या उघड्या अल्बमकडे बघत राहिल्या, मग ओठांनी काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं.

"सगळी कशी असतील?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी तर आठच बदलली होती."